आधी पकड, मग जोर

कोकणच्या किनाऱ्यावर गरवायला येणाऱ्यांच्या हातात आता बारा-तेरा फुटी सर्फ रॉड, मोठं स्पिनिंग रील आणि शंभर-दीडशे ग्रॅमचं शिसं सर्रास दिसतं. खडकावर बसून नुसत्या हाताने तंगूस सोडणारी जुनी मंडळी आजही तांबोशी काढतात. पण वाळूच्या उघड्या किनाऱ्यावर रावस, शिंगाळा किंवा पाकट गाठायची तर आमिष फुटणाऱ्या लाटेच्या पलीकडे पोहोचवावं लागतं. उधाणाच्या ओढीत ते एका जागी टिकवायला शिसंही जड लागतं.

अडचण इथेच सुरू होते. साठ-सत्तर ग्रॅमपर्यंत सगळं सुरळीत चालतं. शिसं सव्वाशेच्या पुढे गेलं की ऐन जोर लावताना लाइन बोटाखालून निसटते. शिसं पुढे जाण्याऐवजी उंच आभाळात चढतं आणि तीस मीटरवर धपकन पडतं. कधी बोट कापलं जातं, तर कधी लाइन ताडकन तुटून शिसं भलत्याच दिशेला जातं. मग माणूस बोट आणखी आवळतो, नाहीतर कायमचं अर्ध्या जोराने फेकू लागतो.

या दोन्हींची गरज नाही. लाइन निसटते ती बहुतेक वेळा बोटात ताकद नसते म्हणून नव्हे, तर शिशापासून स्पूलपर्यंतच्या वाटेवर एखादी जागा त्या भारासाठी तयार केलेली नसते म्हणून. ती जागा शोधून पक्की करता येते, आणि हे काम किनाऱ्यावर जाण्याआधी घरीच करायचं असतं. जोर वाढवण्याचा विचार त्यानंतर.

बोटावर भार येतो तरी किती?

दीडशे ग्रॅमचं शिसं हातात धरलं तर काहीच वाटत नाही, पण फेकताना ते गोल फिरत वेग घेतं. तेरा फुटी रॉडने बरी फेक केली तर सुटण्याच्या क्षणी शिशाचा वेग ताशी १३० किलोमीटरच्या घरात जातो. सेकंदाला ३६ मीटर. चार मीटरच्या त्रिज्येवर या वेगाने फिरणारं दीडशे ग्रॅम वजन लाइनला जवळपास ५ किलोच्या ताकदीने ओढतं. हा हिशोब फेक अगदी एकसारखी, झटका न देता केली असेल तरचा. मध्येच हिसका बसला तर हा ताण क्षणभर कितीतरी वर जातो.

क्रिकेटचा चेंडू साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. म्हणजे आपण जवळपास तेवढंच वजन वेगवान गोलंदाजाच्या वेगाने सोडतो, आणि तेही शिशाचं, टणक आणि टोकदार. लाइन तुटली तर ते कुठे जाईल यावर आपला ताबा राहत नाही. म्हणून लाइन निसटण्याचा प्रश्न लांब फेकीपुरता नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाशी त्याचा संबंध आहे.

निसटण्याचे दोन प्रकार

स्पिनिंग रीलवर बेल उघडल्यावर लाइन टोकाच्या रिंगेतून खाली येते, तर्जनीवरून वळते आणि स्पूलवर जाते. जोर लागला की ही लाइन दोन प्रकारे निसटू शकते आणि दोन्हींच्या खुणा वेगळ्या असतात.

पहिल्या प्रकारात बोट सरळ होतं आणि लाइन त्यावरून घसरून सुटते. बोटाला इजा होत नाही. डोक्यावरून फेकत असाल तर शिसं फार उंच जातं. बाजूने फेकत असाल आणि उजवा हात वर असेल तर ते उजवीकडे भरकटतं.

दुसऱ्या प्रकारात बोट जागच्या जागी असतं, पण स्पूल फिरतं आणि लाइन बोटावरून करवतीसारखी सरकते. रीलमधून कर्र असा आवाज येतो आणि बोटावर लाल रेघ उमटते. ब्रेडेड लाइन असेल तर सरळ काप पडतो. इथे बोटाचा काहीच दोष नसतो. क्लच सैल राहिलेला असतो, नाहीतर संपूर्ण लाइन स्पूलच्या गुळगुळीत धातूवर फिरत असते.

आपलं कुठे बिघडतंय हे ओळखण्यासाठी घरी एक चाचणी करा. प्रवासाची बॅग तोलायचा अडकवायचा काटा घ्या. तो खिडकीच्या मजबूत गजाला किंवा झाडाला दोरीने पक्का बांधा. लाइनचं शिशाकडचं टोक त्याच्या हुकाला बांधा. रॉडचं टोक सरळ काट्याकडे रोखा, म्हणजे रॉडला वाक येणार नाही आणि सगळा भार लाइनवर येईल. नेहमी फेकताना घालता ते हातमोजे किंवा बोटावरचं आवरण घाला, लाइन तर्जनीवर घ्या, बेल उघडा आणि अंगाने हळूहळू मागे सरका. काटा ३ किलो दाखवेल, मग ५, मग ७. कुठल्या आकड्याला काय सुटतं ते बघा. डोळ्यांवर चष्मा हवा आणि लाइनच्या रेषेत कुणी उभं नको.

उघड्या ओल्या बोटाने ही चाचणी केली तर बहुतेकांचं बोट ५ किलोच्या आतच हार मानतं. ७ किलोला बोट, स्पूल आणि गाठ तिन्ही शांत राहिले, तर दीडशे ग्रॅमच्या नेहमीच्या फेकीसाठी तुमची तयारी पुरेशी आहे. नाही राहिले, तर आता पुढची एकेक जागा तपासायची.

शॉक लीडर: पहिली आणि सर्वात महत्त्वाची जागा

मुख्य लाइन बारीक असते, कारण बारीक लाइन लांब जाते आणि पाण्याच्या ओढीला कमी सापडते. पण फेकीचा ताण घेणं तिचं काम नव्हे. त्यासाठी पुढे जाड मोनो लाइनचा एक तुकडा जोडतात, तो शॉक लीडर. किनाऱ्यावरून गळ फेकण्याची परंपरा असलेल्या ब्रिटनमध्ये यासाठी एक सोपा नियम चालत आला आहे: शिशाच्या प्रत्येक औंसाला दहा पौंडांचा लीडर. ग्रॅम-किलोत सांगायचं तर लीडरची ताकद शिशाच्या वजनाच्या सुमारे १६० पट. १०० ग्रॅमला १६ किलो, १२५ ग्रॅमला २० किलो, १५० ग्रॅमला २४ किलो, १७५ ग्रॅमला २८ किलो. बाजारात लीडर पौंडांत मिळतो. तेव्हा १०० ग्रॅमसाठी ४० पौंडी, १२५ साठी ५० पौंडी आणि १५० साठी ६० पौंडी लीडर घ्या. बांगड्याचा मोठा तुकडा लावणार असाल तर त्याचंही वजन हिशोबात धरा.

ताण ५ किलोचा असताना लीडर २४ किलोचा कशाला, असं वाटेल. पण गाठ मारली की लाइनची ताकद घटते. वाळू आणि शिंपल्यांवर घासून ती आणखी घटते. त्यात हिसका बसला की भार कुठल्या कुठे जातो. हे सगळं एकाच फेकीत एकत्र आलं तरी लाइन तुटता कामा नये, म्हणून एवढी राखीव ताकद.

पकडीच्या दृष्टीने लीडरचा दुसरा फायदा आहे. ६० पौंडी मोनो साधारण ०.७ मिलिमीटर जाड असते. पीई २ नंबरची ब्रेडेड लाइन ०.२३५ मिलिमीटर, म्हणजे तिच्या एक तृतीयांश. तोच भार एवढ्या बारीक धाग्यावर आला की तो बोटात रुततो. जाड मोनोवर तो पसरतो आणि पकड बसते. जड शिसं फेकताना ब्रेडेड लाइन उघड्या बोटावर कधीही घेऊ नये. बोटाखाली नेहमी लीडरच हवा.

लीडर किती लांब घ्यायचा? फेकण्याच्या तयारीत शिसं रॉडच्या टोकापासून दीडेक मीटर खाली लोंबतं. टोकापासून रीलपर्यंत तीन-सव्वातीन मीटर. त्यापुढे स्पूलवर सात-आठ वेढे हवेत, ते सुमारे पावणेदोन मीटर. झाले साडेसहा मीटर. लीडरचं शिशाकडचं टोक घासून खराब होत जातं आणि अधूनमधून कापावं लागतं, म्हणून सुरुवातीला आठ-नऊ मीटर घ्या. रॉडच्या लांबीच्या दुपटीहून थोडा जास्त, हे लक्षात ठेवायला सोपं.

स्पूलवरच्या त्या सात-आठ वेढ्यांवर कंजूषपणा करू नका. हे वेढे एकमेकांवर आवळून बसतात आणि फेकीचा भार गाठीपर्यंत पोहोचण्याआधीच बराचसा पचवतात. दोनच वेढे असतील तर सगळा ताण लीडरच्या गाठीवर जातो, आणि लाइन निसटण्याची पुढची जागा तीच.

गाठ

ब्रेडेड लाइनला मोनो लीडर जोडायचा असेल तर एफजी किंवा अल्बर्टो गाठ वापरा. एफजी गाठ बारीक होते, रिंगांमधून सहज जाते, पण शिकायला वेळ लागतो. अल्बर्टो वाऱ्यातही हाताने बांधता येते. मुख्य लाइन मोनोच असेल तर दोन युनी गाठी एकमेकींवर ओढून जोडलेल्या पुरतात. तुम्हाला चांगली येते ती गाठ निवडा. हातात न बसलेली नवी गाठ किनाऱ्यावर करून बघू नका.

गाठ बांधून झाली की घट्ट ओढण्याआधी ती ओली करा. कोरडी ओढली तर घर्षणाने लाइन तापते आणि तिथेच कमकुवत होते. मग दोन्ही हातांना फडकं गुंडाळून सावकाश आणि पूर्ण ताकदीने ओढा. ब्रेडेड लाइन आधी थोडी सरकते, मग दातांसारखी मोनोत रुतून बसते. हे सरकणं आत्ताच पूर्ण व्हायला हवं, फेकताना नव्हे. ओढल्यावर गाठीतल्या वेढ्यांचा रंग किंचित गडद झाला आणि ते एकमेकांना चिकटून ओळीत बसले की गाठ बसली. वेढे एकमेकांवर चढलेले दिसले तर कापा आणि पुन्हा बांधा. उरलेली टोकं अगदी जवळून कापा, म्हणजे रिंगांत अडकणार नाहीत.

लाइन गुंडाळताना गाठ स्पूलच्या मागच्या कडेला, रीलच्या अंगाला येईल असं बघा. पुढच्या कडेला राहिली तर मागून सुटणारी लाइन तिला अडकू शकते.

रील: क्लच, स्पूल आणि रोलर

फेकण्याआधी क्लच घड्याळाच्या दिशेने पूर्ण आवळा. बोटाने ओढून स्पूल जराही हलत नाही याची खात्री करा. "बऱ्यापैकी घट्ट" पुरेसं नाही. मोठ्या माशासाठी दोन-तीन किलोवर ठेवलेला क्लच दीडशे ग्रॅमच्या फेकीत हमखास फिरतो आणि ती लाइन तुमच्या बोटावरून जाते.

क्लच आवळलेला असूनही लाइन सरकत असेल तर स्पूल तपासा. ब्रेडेड लाइन गुळगुळीत धातूवर थेट बांधली असेल तर सगळी लाइन एकगठ्ठा त्यावर फिरते, आणि वरून पाहणाऱ्याला क्लचच बिघडलाय असं वाटतं. ब्रेडेड भरण्याआधी स्पूलवर आठ-दहा मीटर मोनो गुंडाळून घेतली, किंवा इन्सुलेशन टेपचा एक वेढा दिला, की हा त्रास संपतो. लाइन भरतानाही ती ओल्या फडक्यातून, ताण देत भरा. सैल भरलेल्या ब्रेडेडमध्ये वरचे वेढे जोर आल्यावर खाली घुसतात आणि पुढच्या फेकीत लाइन मध्येच अडकून तुटते.

तिसरी गोष्ट छोटी आहे, पण फरक मोठा पाडते. बेल उघडण्याआधी हँडल फिरवून लाइनचा रोलर रॉडच्या बाजूला, बरोबर तर्जनीखाली आणा. मग लाइन स्पूलवरून सरळ बोटावर येते. रोलर खाली किंवा बाजूला असताना बेल उघडली तर लाइन स्पूलला वळसा घालून तिरकी येते, मध्ये ढील राहते आणि फेकीच्या सुरुवातीलाच ती ढील हिसक्यात बदलते.

फेक झाल्यावर क्लच लगेच पुन्हा सैल करा. हे विसरू नका. आवळलेल्या क्लचवर मोठी पाकट लागली तर वाळूत रोवलेला रॉड स्टँडसकट समुद्रात जातो. नेहमीच्या सेटिंगची खूण म्हणून क्लचच्या नॉबवर पक्क्या शाईचा ठिपका करून ठेवला की सैल करताना अंदाज बांधावा लागत नाही.

बोट

आता बोटाकडे येऊ. लाइन तर्जनीच्या शेवटच्या पेराच्या मऊ भागावर घ्या, सांध्याच्या घडीत नको. घडीत लाइन पक्की बसल्यासारखी वाटते, पण सुटताना अडकते. अडकली की शिसं उशिरा सुटतं आणि समोरच्या पाण्यात आपटतं. रीलचा दांडा मधलं बोट आणि अनामिका यांच्या मध्ये धरला की तर्जनी मोकळी राहते आणि लाइनपर्यंत नीट पोहोचते.

बोटावर आवरण हवंच. चामड्याचा कास्टिंग हातमोजा उत्तम, कारण ओलं चामडंही पकड सोडत नाही. तो नसेल तर बागकामाच्या जाड रबरी हातमोज्याची तर्जनी कापून वापरा. औषधाच्या दुकानात मिळणारी कापडी चिकटपट्टी दोन-तीन वेढे गुंडाळली तरी काम भागतं, पण ती भिजली की बदलावी लागते. प्लास्टिकची इन्सुलेशन टेप बोटावर नको. ओली झाली की ती गुळगुळीत होते.

कोकणातल्या गरवण्यात पकडीचा खरा शत्रू वेगळाच आहे, आमिषाचं तेल. तारली किंवा बांगडा कापला की बोटांवर तेल आणि खवले राहतात. कोळंबी आणि माकूळ सोलताना बुळबुळीत चिकटा येतो. तोच हात लाइनला लागला तर कुठलंही आवरण उपयोगाचं नाही. म्हणून दोन फडकी ठेवा. एक आमिषाचा हात पुसायला, दुसरं फक्त लाइन धरण्याआधी. आमिष लावताना तर्जनीचं आवरण काढून खिशात ठेवा. वाळूने हात घासून कोरडा करू नका. ते वाळूचे कण लाइनवर बसतात आणि लीडर खातात.

तर्जनी दुखावलेली असेल किंवा संधिवाताने बोट वळत नसेल, तर रॉडवर बसवायचा ट्रिगर मिळतो. त्यात लाइन पकडून ठेवायची आणि फेकताना अंगठ्याने सोडायची. भार बोटावर येतच नाही. वयस्क मंडळींनी याचा विचार जरूर करावा.

मल्टिप्लायर रील वापरणाऱ्यांची पकड अंगठ्याची असते. तिथे स्पूल ओलं असलं की अंगठा घसरतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन इंची तुकडा रीलच्या आडव्या पट्टीला बांधून स्पूलवर ठेवा आणि अंगठा त्यावर दाबा. लीडरची गाठ मात्र अंगठ्याखाली येऊ देऊ नका, स्पूलच्या एका कडेला ठेवा. सुटताना ती गाठ अंगठा फाडते.

फेक

आवरण, क्लच आणि गाठ पक्की झाली की उरते ती शरीराची हालचाल. लाइन निसटण्याचं शेवटचं कारण हिसका. सुरुवातीलाच सगळा जोर लावला तर रॉड पूर्ण वाकण्याआधी लाइनवर झटका येतो. जोर शेवटी हवा.

वाळूवर सुरुवात करणाऱ्यांनी शिसं मागे वाळूवर टेकवून फेकायला शिकावं. रॉड मागे नेऊन टोक खाली करा, शिसं टोकाच्या बाजूला वाळूवर ठेवा आणि लाइन ताठ करा. ढील अजिबात नको. नजर क्षितिजाच्या वर, साधारण ४५ अंशांवर एखाद्या ढगावर ठेवा. मग अंग वळवत, वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर घेत रॉड ओढायला लागा. सुरुवात संथ ठेवा, शिसं वाळू सोडून हवेत येऊ द्या आणि रॉड भरल्याची जाणीव हाताला होऊ द्या. त्यानंतरच उजवा हात पुढे-वर ढकला आणि डावा हात छातीकडे खेचा. रॉड नजरेच्या दिशेला आला की तर्जनी सरळ करा.

बोट "सोडायचं" म्हणून वेगळा विचार करावा लागत असेल तर तुम्ही जास्त जोर लावताय. बरोबर वेगाने फेक झाली की सुटण्याचा क्षण आपोआप कळतो. सुरुवातीला सत्तर टक्के जोरानेच फेका. सलग फेकी सरळ आणि एकसारख्या जाऊ लागल्या की थोडा जोर वाढवा. फेक वाकडी गेली तर त्या दिवशी जोर वाढवू नका.

सराव गळाशिवाय, नुसत्या शिशाने करा. गुहागर किंवा मुरुडसारख्या लांब किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी, कामाच्या दिवशी सकाळी भरपूर मोकळी जागा मिळते. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ओढ कमी असते, शंभर ग्रॅमवरही भागतं. नवशिक्यांनी तेच दिवस निवडावेत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात जड शिसं लागतं, तिथे सरावलेल्या हाताने जावं.

रॉडवर छापलेली मर्यादाही पाळा. १००–२०० ग्रॅम लिहिलं असेल तर त्यात शिसं आणि आमिष दोन्ही आलं. ४०–८० ग्रॅमच्या रॉडने सव्वाशे ग्रॅम फेकणाऱ्याला पकड कितीही चांगली असली तरी जोर लावता येणार नाही, कारण रॉड तो भार उचलतच नाही.

आणि दर वेळी लांबच फेकायला हवं असंही नाही. किनाऱ्यालगतच्या वाळूच्या पट्ट्यामागे चर असतो. भरतीच्या पाण्याबरोबर मासे तिथपर्यंत चरायला येतात. तीस-चाळीस मीटरवर मासा असेल तर हलकं शिसं लावा. जड शिसं गरज असेल तेव्हाच.

आमिष आणि रिग

लाइन सुरक्षित राहिली तरी आमिष हवेत निसटलं तर फेक वाया जाते. तारलीसारखं मऊ आमिष गळाला लवचीक बारीक धाग्याने गुंडाळा. गळ आणि आमिष शिशाच्या वरच्या क्लिपमध्ये अडकवणारी रिग वापरली तर आमिष हवेत फडफडत नाही, पाण्यावर आपटल्यावरच सुटतं. लांबीतही फरक पडतो.

रिगच्या मुख्य दोरीची ताकद लीडरइतकीच हवी. फेकीचा भार शिशापर्यंत तिच्यावरूनच जातो. स्नॅप आणि स्विव्हलही तेवढ्याच ताकदीचे घ्या. साठ पौंडी लीडरला शेवटी स्वस्तातला स्नॅप लावला आणि तो उघडला, तर बाकी सगळी काळजी वाया गेली.

खडकाळ जागी शिसं अडकतं तेव्हा फक्त शिसंच जावं, बाकी रिग वाचावी म्हणून काहीजण ते बारीक लाइनने बांधतात. हे करायचं असेल तर फेकीचा भार त्या बारीक लाइनवर येणार नाही अशी क्लिप वापरा. फेकताना शिसं क्लिपवर टांगलेलं असतं आणि पाण्यावर पडल्यावर सुटून बारीक लाइनवर येतं. नुसतीच बारीक लाइन बांधून जोरात फेकणं म्हणजे हवेत शिसं सोडून देणं.

माणसं आणि किनारा

फेकण्याआधी मागे, उजवीकडे आणि डावीकडे बघा. मोठ्याने सांगा, "फेकतोय." पर्यटकांच्या गर्दीत जड शिसं फेकू नका. अलिबाग, काशीद, गणपतीपुळ्याला सुट्टीच्या दिवशी तर नाहीच. जेट्टीवर किंवा बंदरात वरून विजेच्या तारा जात असतील तर तिथे रॉड उभाही करू नका, कार्बनमधून वीज वाहते. ढग गडगडायला लागले की रॉड आडवा ठेवून किनारा सोडा.

दर फेकीआधी लीडरचा शेवटचा एक-दीड मीटर दोन बोटांत धरून ओढत तपासा. खरखर लागली तर तेवढा भाग कापा आणि शिसं पुन्हा बांधा. दोन मिनिटांचं काम आहे. कापलेली लाइन वाळूत टाकू नका, पिशवीत भरून घरी न्या. वेळास, आंजर्ले अशा रत्नागिरीच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वाळूतली नायलॉन लाइन त्यांच्या पिल्लांच्या पायांत अडकते. तुटलेलं शिसं सापडलं तर उचला. समुद्रात सोडून देण्याजोगा तो धातू नाही.

आता तुमच्या पुढच्या फेरीआधी क्रम असा ठेवा. काट्यावर ७ किलोची चाचणी. शिशाच्या वजनानुसार लीडर, स्पूलवर सात-आठ वेढे, गाठ ओली करून पूर्ण ओढलेली. क्लच आवळलेला, रोलर बोटाखाली, बोटावर कोरडं आवरण. हे सगळं जमल्यावर सत्तर टक्के जोराने फेका आणि शिसं सरळ जातं का बघा. सरळ गेलं तर जोर वाढवायला हरकत नाही. नाही गेलं तर पुन्हा पहिल्यापासून एकेक जागा तपासा. ज्याची फेक रोज एकसारखी जाते त्याच्या शेजारी उभं राहायला कुणाला भीती वाटत नाही, आणि मासेही त्यालाच जास्त मिळतात, कारण त्याचं आमिष दर वेळी हव्या त्या जागी पडतं.